उनो बंदरातून कलाबेटं: बोट, तिकीट आणि सुटीचा वार

घारापुरीची लेणी सोमवारी बंद असतात, हे माहीत नसलेली माणसं दर सोमवारी गेटवेवर भेटतात. जपानच्या नाओशिमा बेटावरची बहुतेक संग्रहालयंही सोमवारीच बंद असतात. फरक इतकाच, की तिथं पोहोचेपर्यंत विमान, बुलेट ट्रेन, लोकल आणि बोट एवढं सगळं करून झालेलं असतं. म्हणून या लेखात सौंदर्याबद्दल कमी आणि वेळापत्रकाबद्दल जास्त आहे. बेटं सुंदर आहेतच. माणसं चुकतात ती वार, वेळ आणि धक्का यांत.

आधी भूगोल. जपानच्या होन्शू आणि शिकोकू या दोन बेटांच्या मधे सेतो अंतर्देशीय समुद्र आहे. त्याच्या उत्तर काठावर ओकायामा प्रांतात तामानो नावाचं शहर आहे आणि त्याचं बंदर म्हणजे उनो. समोर दिसणारं नाओशिमा उनोपासून बोटीनं वीस मिनिटांवर आहे, पण कारभाराच्या दृष्टीनं ते पलीकडच्या, शिकोकूतल्या कागावा प्रांतात मोडतं. शेजारच्या तेशिमा बेटाचंही तसंच. इनुजिमा हे तिसरं बेट मात्र ओकायामा शहराचा भाग. नकाशे, माहितीपत्रकं आणि बसचे पास प्रांतानुसार निघतात, त्यामुळे ओकायामाच्या पत्रकात नाओशिमाची बस सापडली नाही तर गोंधळू नका.

दुसरी गोष्ट, जी जुन्या माहितीत चुकीची सापडते. १९१० पासून १९८८ पर्यंत रेल्वेच्या बोटी उनोहून पलीकडच्या ताकामात्सुला जायच्या. आगगाडीचे डबेही बोटीवर चढवून नेले जात. १९५५ साली धुक्यात शिउन मारू ही बोट बुडाली. १६८ माणसं गेली, त्यात सहलीला निघालेली शाळकरी मुलं बरीच होती. पूल हवाच, ही मागणी तिथून जोर धरू लागली आणि १९८८ मध्ये सेतोचा मोठा पूल झाला. रेल्वेच्या बोटी बंद पडल्या, खासगी फेरीबोटी आणखी तीसेक वर्षं टिकल्या आणि डिसेंबर २०१९ मध्ये शेवटचीही थांबली. आज उनोहून ताकामात्सुला थेट बोट नाही. जायचं तर नाओशिमावर उतरून दुसरी बोट धरायची, किंवा रेल्वेनं पुलावरून.

उनोच का?

बेटांकडे जाणारे दोन मुख्य दरवाजे आहेत: उत्तरेला उनो, दक्षिणेला ताकामात्सु. ताकामात्सु मोठं शहर आहे, हॉटेलं भरपूर आहेत, आणि मेगिजिमा, ओगिजिमा ही बेटं करायची असतील तर तेच बरं. पण नाओशिमा आणि तेशिमा हाच बेत असेल तर उनो सरस. नाओशिमाचा प्रवास ५० मिनिटांऐवजी २० मिनिटांचा होतो, भाडं कमी लागतं, आणि स्टेशनातून बाहेर पडलात की समोरच समुद्र.

नवख्यांना सल्ला एकच: उनो किंवा ओकायामात तळ ठोका आणि रोज एकच बेट करा. एका दिवसात नाओशिमा आणि तेशिमा दोन्ही उरकण्याचे बेत कागदावर जमतात. प्रत्यक्षात दोन बेटांमधली लाँच दिवसातून मोजक्या वेळा सुटते, लहान असते, भरली की भरली, आणि मंगळवारी सहसा नसतेच. त्या एका लाँचवर दोन संग्रहालयांची आगाऊ तिकिटं टांगून ठेवणं म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेणं.

पहिली पायरी: वार ठरवा

विमानाचं तिकीट काढण्याआधी हे करा.

नाओशिमावरची मुख्य ठिकाणं (चिचू कला संग्रहालय, ली उफान संग्रहालय, होनमुरा गावातली कलाघरं म्हणजे कलाकारांना दिलेली जुनी घरं) सोमवारी बंद. तेशिमा आणि इनुजिमावरची मंगळवारी बंद. डिसेंबर ते फेब्रुवारी या थंडीच्या महिन्यांत तेशिमा-इनुजिमाचे बंद वार आणखी वाढतात. सोमवारी जपानची राष्ट्रीय सुटी आली तर सगळंच सरकतं: नाओशिमा सोमवारी उघडी राहते आणि मंगळवारी बंद होते, तेशिमाची सुटी बुधवारवर जाते. संग्रहालयांच्या संकेतस्थळांवर महिन्याचं कॅलेंडर असतं. वारावर विसंबू नका, तारीख बघा.

बुधवार ते शुक्रवार उत्तम. शनिवार-रविवारी जपानी पर्यटकच इतके असतात की बसची रांग संपत नाही.

ऋतूचं म्हणाल तर एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. एप्रिलच्या शेवटापासून मेच्या पहिल्या आठवड्यापर्यंतचा जोडसुट्ट्यांचा काळ, ज्याला तिथं गोल्डन वीक म्हणतात, तो टाळा. जून ते मध्य जुलै पावसाळा. ऑगस्टमध्ये ऊन आणि दमटपणा इतका, की मुंबईचा मे आठवेल. शिवाय ऑगस्ट-सप्टेंबर हे तुफानांचे महिने.

दर तीन वर्षांनी सेतोउची त्रिवार्षिक कला महोत्सव भरतो. २०१० मध्ये सुरू झाला, सहावा २०२५ मध्ये झाला. महोत्सवाच्या वर्षी एरवी न दिसणाऱ्या कलाकृती पुष्कळ बघायला मिळतात, पण बोटींना रांगा लागतात आणि राहण्याचे दर चढतात. पहिलीच खेप असेल तर महोत्सव नसलेलं वर्ष निवडा. मुख्य गोष्टी कायमच्या आहेत, त्या कुठं पळून जात नाहीत.

दुसरी पायरी: वेळेची तिकिटं

चिचू कला संग्रहालय आणि तेशिमा कला संग्रहालय या दोघांना ठरावीक वेळेचं ऑनलाइन तिकीट लागतं. चिचूचं सुमारे २,५०० येन, तेशिमाचं त्याहून थोडं कमी; १५ वर्षांपर्यंतच्या मुलांना प्रवेश मोफत. जागा उरल्या तर दारावर तिकीट मिळतं, पण थोडं महाग, आणि गर्दीच्या दिवशी जागा उरतच नाहीत.

वेळ निवडताना हिशेब उलटा करायचा नाही. लोक आधी ‘सकाळी दहाचं बरं’ म्हणून तिकीट काढतात आणि मग बोट शोधतात. तसं नको. आधी उनोहून सुटणारी बोट पक्की करा. नाओशिमाच्या मियानोउरा धक्क्यावर उतरल्यापासून चिचूच्या तिकीट केंद्रापर्यंत पोहोचायला बसनं जायचं तर किमान एक तास धरा: बसची रांग, त्सुत्सुजि-सो हा शेवटचा थांबा, तिथून शटल बस, आणि तिकीट केंद्रापासून संग्रहालयाच्या दारापर्यंत बागेतून चालणं. विजेच्या सायकलनं अर्धा तास पुरतो. म्हणजे साडेनवाला उतरणार असाल तर पावणेअकराची वेळ घ्या.

चिचूबद्दल आणखी एक. तिथली फ्रेंच चित्रकार मोनेची पाच ‘कमळतळ्यांची’ चित्रं नैसर्गिक उजेडात दाखवली जातात. दालनात दिवा नाही. थंडीत संध्याकाळ लवकर होते, त्यामुळे डिसेंबरात चार वाजताची वेळ घेणाऱ्याला ती चित्रं राखाडी दिसतील. सकाळ किंवा भर दुपार घ्या.

होनमुरातल्या कलाघरांपैकी किन्झा या एकाच घराला वेगळं आरक्षण लागतं, कारण आत एका वेळी एकच माणूस सोडतात. बाकीच्यांसाठी एक सामाईक तिकीट मिळतं.

तिसरी पायरी: ओकायामाहून उनो

तोक्योहून ओकायामा बुलेट ट्रेननं सव्वातीन तासांच्या आसपास, शिन-ओसाकाहून पाऊण तास. जपान रेल पास वापरणार असाल तर नोझोमी गाडीला वेगळे पैसे पडतात. हिकारी किंवा साकुरा धरा.

ओकायामाहून उनो लाइनची लोकल. भाडं सुमारे ६०० येन, वेळ तासाभराच्या आत. काही गाड्या थेट जातात, पण बऱ्याच वेळा चायामाची स्टेशनावर गाडी बदलावी लागते. इथं हमखास होणारी चूक: ओकायामाहून चायामाचीपर्यंत ‘मरीन लायनर’ ही जलद गाडी सोयीची असते, पण ती पुढं उनोला न जाता पुलावरून शिकोकूत जाते. डुलकी लागली तर डोळे उघडतील तेव्हा खाली समुद्र असेल आणि दिवसाची पहिली बोट गेलेली असेल. चायामाचीला उतरा आणि ‘उनो’ लिहिलेली दोन-तीन डब्यांची गाडी बघा.

उनो स्टेशन ओळखायला सोपं आहे: पांढऱ्या इमारतीवर काळ्या रेघांचं जाळं. ते एस्थर स्टॉकर या कलावतीचं काम आहे. या मार्गावरच्या आणखी काही स्टेशनांवरही तिनं असंच रेघारेघांचं काम केलं आहे.

चौथी पायरी: धक्का ओळखा

उनोहून दोन प्रकारच्या बोटी सुटतात. एक मोठी फेरीबोट, जिच्यावर ट्रक-मोटारी चढतात. दुसरी लहान लाँच, फक्त माणसांची. दोन्ही एकाच धक्क्याला लागत नाहीत, आणि नाओशिमाला व तेशिमाला नेणाऱ्या कंपन्याही वेगळ्या आहेत. स्टेशनासमोरचा रस्ता ओलांडला की पाच मिनिटांत सगळे धक्के येतात, पण शेवटच्या दोन मिनिटांत चुकीच्या धक्क्यावर उभं राहणं ही नेहमीची गोष्ट. म्हणून पंधरा मिनिटं आधी या आणि फलकावर बेटाचं नाही, बंदराचं नाव वाचा.

नाओशिमावर उनोच्या दृष्टीनं दोन बंदरं: पश्चिमेला मियानोउरा, पूर्वेला होनमुरा. मियानोउरासाठी फेरीबोट २० मिनिटं घेते, भाडं ३०० येनच्या आसपास, दिवसभरात डझनभर फेऱ्या. होनमुराला फक्त लाँच जाते, तीही मोजक्या वेळा, पण सकाळची मिळाली तर कलाघरांच्या दारातच उतरता येतं.

तेशिमावर इएउरा आणि कारातो. उनोहून इएउरा फेरीबोटीनं ४० मिनिटं, लाँचनं २५. भाडं ८०० येनच्या आसपास. हीच बोट पुढं कारातोला लागून शोदोशिमाच्या तोनोशो बंदरात जाते. फेऱ्या हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या. गेटवेला एक लाँच चुकली की थोड्या वेळानं दुसरी मिळते. इथं एक चुकली तर दोन-तीन तास बसून राहायचं.

मियानोउराच्या फेरीबोटीत जागेची चिंता सहसा नसते. लाँचमध्ये असते. लाँचसाठी अर्धा तास आधी रांगेत लागा. आगाऊ आरक्षणाची सोय नाही, जो आधी आला तो बसला. सुटे पैसे आणि रोख येन जवळ असू द्या. सायकल बोटीवर न्यायची तर वेगळं भाडं पडतं.

उतरल्या उतरल्या पहिलं काम: परतीच्या शेवटच्या दोन बोटींच्या वेळा फलकावरून मोबाइलमध्ये टिपून घ्या. दोन, कारण शेवटची ही राखीव ठेवायची असते, पकडायची नसते.

नाओशिमा

मियानोउराला उतरलात की काचेची, पातळ छपराची इमारत दिसते. ती साना या जपानी संस्थेच्या वास्तुकारांनी २००६ मध्ये बांधलेली. बाजूलाच यायोइ कुसामा या कलावतीचा लाल भोपळा, आत शिरता येतो. बहुतेक जण बोटीतून उतरून थेट भोपळ्याकडे धावतात आणि तेवढ्यात बस भरते. भोपळा संध्याकाळी बघा, तो धक्क्यालाच आहे. आधी बस धरा किंवा सायकल घ्या.

गावची बस लहान असते, भाडं १०० येन, मियानोउरा-होनमुरा-त्सुत्सुजि-सो अशी धावते. कलाघरांसाठी ‘नोक्यो-माए’ थांब्यावर उतरायचं. मोठी बॅग घेऊन चढू नका. धक्क्यावर कुलूपबंद कप्पे आहेत, ते दहाच्या आत भरतात. सामान उनोतच ठेवून येणं सर्वांत चांगलं.

सायकल घ्यायची तर विजेचीच घ्या. बेट लहान आहे, मियानोउरा ते होनमुरा जेमतेम दोन किलोमीटर, पण चिचूकडे जाणारा चढ साध्या सायकलवर गुडघे काढतो. वाहतूक आपल्यासारखीच डावीकडून. त्सुत्सुजि-सोच्या पुढं फाटक आहे. तिथून बेनेसे या कंपनीच्या कला-आवारात सायकल चालवता येत नाही. सायकल ठेवून चालत जा किंवा मोफत शटल घ्या. ही शटल त्सुत्सुजि-सो, बेनेसे हाउस, ली उफान आणि चिचू अशी फिरते.

चिचू या शब्दाचा अर्थच ‘जमिनीच्या आत’. टेकडीचा आकार बिघडू नये म्हणून वास्तुकार तादाओ आंदोनं २००४ मध्ये संपूर्ण इमारत पोटात बांधली. वरून फक्त चौकोनी, त्रिकोणी भगदाडं दिसतात. आत तीनच कलाकार: मोने, जेम्स टरेल आणि वॉल्टर दे मारिया. मोनेच्या दालनात बूट काढून सपाता घालायच्या; जमीन पांढऱ्या संगमरवराच्या दोन-दोन सेंटिमीटरच्या तुकड्यांची आहे. दे मारियाच्या पायऱ्यांवर २.२ मीटर व्यासाचा काळा ग्रॅनाइटचा गोळा ठेवलेला आहे. वरच्या उजेडामुळे तो तासातासाला बदलतो. टरेलच्या एका दालनात आत सोडण्यासाठी रांग लावतात, ती आधी उरकून घ्या. दीड ते दोन तास धरा. आत फोटो काढता येत नाहीत, आणि खरं सांगायचं तर त्यामुळेच तिथं शांतता आहे.

चिचूहून उतारानं खाली येताना ली उफान संग्रहालय (२०१०), मग बेनेसे हाउस (१९९२), ज्यात संग्रहालय आणि हॉटेल एकत्र आहे. हा टप्पा पायी करा, सगळा उतारच आहे. २०२२ मध्ये उघडलेलं व्हॅली गॅलरीही याच वाटेवर. कुसामाचे चकचकीत गोळे तिथं तळ्यावर आणि गवतात पसरलेले आहेत. शेवटी किनाऱ्यावर पिवळा भोपळा. १९९४ पासून तो इथं होता. ऑगस्ट २०२१ च्या वादळात लाटांनी उचलून नेला, तुटला, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये नव्यानं बसवला. फोटोसाठी रांग लागते. रांगेतल्या माणसाचा फोटो तुम्ही काढायचा, तुमचा पुढच्यानं, अशी तिथली न बोलता चालणारी पद्धत. भोपळ्यावर चढू नका.

दुपारनंतर होनमुरा. इथं जुनी रिकामी घरं कलाकारांना देण्यात आली आहेत. कादोया (१९९८) या घरात पाण्याखाली तात्सुओ मियाजिमाचे लाल-हिरवे आकडे लुकलुकतात. प्रत्येकाचा वेग बेटावरच्या १२५ माणसांनी ठरवलेला. म्हणूनच एक आकडा धावतो तर एक रेंगाळतो. हाइशा म्हणजे दातांचा डॉक्टर. ते खरंच दवाखान्याचं घर होतं, आता शिनरो ओताकेनं त्याचा भंगारमहाल केला आहे. गोओ देवळाखाली अरुंद बोगदा आहे. टॉर्च मिळतो, पण पाठीवरची सॅक काढून ठेवा, आणि बंद जागेची भीती असेल तर वरूनच काचेच्या पायऱ्या बघा.

मिनामिदेरा आधी गाठा. त्या इमारतीत टरेलची कलाकृती आहे आणि आत मिट्ट काळोख. ठरावीक माणसं ठरावीक वेळी आत सोडतात, म्हणून होनमुरात पोहोचताच तिथली वेळ घ्या आणि मधल्या वेळात बाकी घरं करा. आत गेल्यावर काही दिसत नाही म्हणून अनेकांची चुळबूळ सुरू होते. दहा मिनिटं नुसतं बसा, डोळ्यांना सवय होऊ द्या. मोबाइल बंद म्हणजे बंद. एका पडद्याचा उजेड सगळ्यांची दहा मिनिटं पुसून टाकतो.

आंदोचं नाओशिमा नवं कला संग्रहालय मे २०२५ मध्ये होनमुराजवळ उघडलं. त्यात आशियातल्या समकालीन कलाकारांवर भर आहे. आधीच चिचू केलेल्या दिवशी ते कोंबू नका. डोकं भरून जातं.

वेळ उरला तर मियानोउरात ‘आय लव्ह यू’ हे ओताकेनं सजवलेलं सार्वजनिक स्नानगृह आहे. जपानीत ‘यू’ म्हणजे गरम पाणी. कपडे पूर्ण काढून, आधी अंग घासून धुऊन, मगच कुंडात उतरायचं. पोहण्याचा पोशाख चालत नाही.

तेशिमा

दोन बेटांतलं एकच करायचं म्हटलं तर आमचं मत तेशिमाला. नाओशिमा नावाजलेलं आहे, तेशिमा मनात राहतं.

इएउराला उतरताच विजेची सायकल घ्या; ती संपण्याआधी, म्हणजे बोटीतून पहिल्या वीस माणसांत उतरून. बस आहे, पण दोन बसमधलं अंतर मोठं. सायकल जिथून घेतली तिथंच परत द्यायची असते, म्हणून इएउराहून घेऊन कारातोहून परतीची बोट धरू, हा बेत फसतो. चढ डोंगराएवढा आहे. बॅटरी पूर्ण भरलेली आहे ना, हे निघण्याआधी बघा आणि सपाट रस्त्यावर मदत कमी ठेवा. चढाच्या मध्यावर बॅटरी संपली की ती सायकल साध्या सायकलपेक्षा जड असते.

शेवटच्या वळणावर समोर समुद्र उघडतो आणि उतरणीवर भाताची खाचरं दिसतात. ती पडीक झाली होती. गावकऱ्यांनी आणि कलाप्रकल्पातल्या लोकांनी मिळून पुन्हा लावणीखाली आणली. तिथंच तेशिमा कला संग्रहालय, २०१०. वास्तुकार र्‍युए निशिझावा, कलावती रेइ नाइतो. काँक्रीटचं एकच कवच, साधारण ४० बाय ६० मीटर, आत एकही खांब नाही. मातीचा ढीग रचून त्यावर काँक्रीट ओतलं आणि ते घट्ट झाल्यावर आतली माती उपसून काढली. वर दोन मोठी भोकं, त्यांतून वारा, पाऊस, पाखरं आत येतात. आत भिंतीवर काही नाही. जमिनीतल्या बारीक छिद्रांतून पाण्याचे थेंब येतात, घरंगळतात, एकमेकांना मिळतात.

बूट काढावे लागतात. जाड मोजे घाला, जमीन गार असते. खाली पाहत चला: जमिनीवर लहानशा चकत्या आणि मणी ठेवलेले असतात, ते कलाकृतीचाच भाग आहेत. बोलू नका, कवचात कुजबुजही घुमते. पाऊस असेल तर हळहळू नका, तोच चांगला दिवस. पंधरा मिनिटांत बाहेर पडणारे पुष्कळ असतात. पाऊण तास द्या.

खाली कारातोच्या किनाऱ्यावर ख्रिस्तिआँ बोल्तान्स्कीचं ‘हृदयांचं दफ्तर’ आहे: जगभरच्या माणसांच्या हृदयाचे ठोके साठवलेले, अंधाऱ्या खोलीत त्या तालावर एक दिवा लुकलुकतो. शुल्क भरून तुमचेही ठोके नोंदवता येतात.

तेशिमा पाहताना एक गोष्ट माहीत असावी. १९७५ नंतरच्या दीड दशकात या बेटाच्या पश्चिम टोकाला औद्योगिक कचरा बेकायदा टाकला गेला. १९९० मध्ये पोलिसांनी छापा घातला. गावकऱ्यांचा लढा २००० मध्ये समझोत्यापर्यंत पोहोचला. ९ लाख टनांहून अधिक कचरा आणि दूषित माती २००३ ते २०१७ या काळात बोटीनं हलवण्यात आली, आणि ती नेली कुठं, तर नाओशिमाला. तिथं १९१७ पासून तांब्याचा कारखाना आहे, त्याच्या आवारात प्रक्रिया झाली. उनोहून येताना नाओशिमाच्या उत्तर टोकाला चिमण्या आणि उघडे डोंगर दिसतात तो हाच कारखाना. माहितीपत्रकातल्या फोटोंत तो नसतो. बोटीच्या डेकवर उभं राहून तो अवश्य बघा. या बेटांवर कला का आणली गेली, याचं निम्मं उत्तर तिथं आहे.

इनुजिमा आणि शोदोशिमा

इनुजिमावर १९०९ मध्ये तांब्याची भट्टी सुरू झाली, तांब्याचे भाव कोसळले आणि दहा वर्षांत बंद पडली. त्या विटांच्या अवशेषांत २००८ मध्ये संग्रहालय झालं. वास्तुकार हिरोशी साम्बुइची यांनी ऊन आणि जुनी चिमणी वापरून हवा खेळती ठेवली आहे. अर्धा दिवस पुरतो. मात्र उनोहून सोय नाही. ओकायामाहून बसनं होदेन बंदर गाठायचं आणि तिथून दहा मिनिटांची बोट घ्यायची. बसच्या वेळा तुटक आहेत, आधी परतीची बस बघा.

शोदोशिमा मोठं आहे, एका दिवसात मोटार असेल तरच बघा. एकच गोष्ट करायची तर तोनोशोजवळचा ‘एंजल रोड’, ओहोटीला उघडी पडणारी वाळूची वाट. ओहोटीच्या आधी आणि नंतर सुमारे दोन-दोन तास चालता येतं. भरतीओहोटीचं कोष्टक न बघता गेलात तर नुसतं पाणी दिसेल.

उनोचा स्वतःचा किनारा

परतीच्या गाडीला तास असेल तर बंदरावरचा ‘उनोचा चिनू’ बघा. समुद्रातून वाहून आलेल्या कचऱ्यापासून बनवलेला मोठा मासा, २०१० चा. जवळ गेल्यावर त्यात बाटल्या, खेळणी, दोरखंड ओळखू येतात.

अर्धा दिवस असेल तर बसनं शिबुकावाचा किनारा. एक किलोमीटरच्या आसपास पांढरी वाळू, उथळ पाणी, लहान मुलांसाठी जुनं, साधंसं मत्स्यालय. मागे ओजिगाताके ही २३४ मीटरची टेकडी; वर मोठमोठे गुळगुळीत खडक, त्यांतला एक हसऱ्या तोंडासारखा, आणि समोर सेतोचा पूल पूर्ण लांबीत दिसतो. संध्याकाळचं ऊन पुलाच्या बाजूनं येतं.

पोटापाण्याचं

शाकाहाऱ्यांची इथं खरी पंचाईत होते. कागावा प्रांत उदोन शेवयांसाठी प्रसिद्ध, पण त्यांचं पाणी वाळवलेल्या माशांचं असतं. त्याला दाशी म्हणतात, आणि ते भाज्यांत, टोफूवर, आमटीतही असतं. ‘मासे नाहीत’ असं सांगणारा वाढपी खोटं बोलत नसतो. दाशीला तो मासा मानतच नाही. म्हणून वेगळं सांगावं लागतं: ‘निकु मो साकाना मो ताबेमासेन, दाशी मो दामे देस’, म्हणजे मांस-मासे खात नाही, दाशीही चालत नाही. जपानी लिपीत लिहून मोबाइलवर ठेवा आणि दाखवा. बेटांवर खाणावळी थोड्या, दुपारी दोननंतर बऱ्याच बंद होतात. ओकायामा किंवा उनोतून फळं, ब्रेड घेऊन निघा; घरचे ठेपले, चिवडा असेल तर सोन्याहून पिवळं. संग्रहालयात खाता येत नाही, धक्क्यावरच्या बाकांवर खा. कचरापेट्या जवळजवळ नाहीत, एक रिकामी पिशवी ठेवा.

पैसे काढायचे तर ओकायामातच काढा.

बोट रद्द झाली तर

वसंतात सकाळी दाट धुकं पडतं, तेव्हा बोटी उशिरा सुटतात. जोराच्या वाऱ्यात आधी लाँच बंद होतात, मोठी फेरीबोट सर्वांत शेवटी. म्हणून हवामान बिघडत असेल तर तेशिमा सोडून नाओशिमाला जा. तुफानाचा इशारा असेल तर बेटावर जाऊच नका. दुपारनंतर सगळ्याच बोटी थांबतात आणि संग्रहालयंही दारं लावतात. तिकिटाचे पैसे अशा वेळी सहसा परत मिळतात, पण रात्रीची जागा मिळत नाही.

शेवटची बोट चुकली आणि बेटावर खोली नाही, अशी वेळ आली तर धक्क्यावर थांबू नका. तेशिमावर अंधार पडताच रस्त्यावर रानडुकरं येतात. उघड्या असलेल्या कोणत्याही दुकानात किंवा पोलीस चौकीत जाऊन सांगा. गावातल्या पाहुणघरांना तिथून फोन लावता येतो.